खाली कोणाचं आहे?

घराच्या कराराचा मसुदा ईमेलने आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून फोनवर वाचत होते. पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन काउंटीत, पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येला साधारण तासाभरावर, चार एकरांचा उताराचा तुकडा, त्यावर जुनं दुमजली घर आणि मागे अक्रोडाची दोन झाडं. किंमत आमच्या आवाक्यात. इतकी आवाक्यात, की नवरा म्हणाला होता, काहीतरी गडबड असणार. अकराव्या पानावर ती सापडली. विकणारा तेल आणि नैसर्गिक वायूचे सगळे हक्क स्वतःकडे राखून ठेवत होता आणि कोळसा तर मुळात त्याच्या मालकीचाच नव्हता.

एजंट बाईंना फोन केला. त्या अगदी सहज म्हणाल्या, "इथे बहुतेकांचं असंच असतं. तुम्ही वरचं विकत घेताय."

वरचं म्हणजे काय? गवत? किती इंच खोल?

त्या रात्री वणीला बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. बाबा निवृत्त मास्तर. घराचे फोटो त्यांनी भराभर सरकवले, स्वयंपाकघराकडे तर पाहिलंही नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "खाली कोणाचं आहे, विचारलंस का?"

हा प्रश्न बाबांनाच सुचणार होता. आमचं वणी वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात आहे. आजोबांचं सहा एकर कापसाचं रान मी लहान असताना खाणीसाठी गेलं. आपल्याकडे ते कसं जातं ते आधी सांगते, कारण अमेरिकेतला प्रकार त्याच्या बरोबर उलटा आहे आणि उलटा असूनही शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद बराचसा सारखाच.

सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं, पीक असतं, 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. जमिनीखाली काय आहे याचा मात्र उल्लेख नसतो. तो असायची गरजच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ सांगतं की खनिजं, मग ती वर असोत की खाली, सरकारची. स्वतःच्या शेतातला मुरूम विकायचा तरी तहसीलदाराची परवानगी आणि रॉयल्टी. कोळशासाठी केंद्राचा १९५७ चा वेगळा कायदा आहे : आधी कलम ४ खाली शोध घेण्याची अधिसूचना, मग कलम ७ खाली संपादनाचा इरादा, मग कलम ९ खाली घोषणा, आणि जमीन सरकारजमा. मोबदला मिळतो, पण तो जमिनीचा. खाली असलेल्या कोळशाचा भाव शेतकऱ्याला कोणी विचारत नाही, कारण तो त्याचा कधी नव्हताच. (सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या मलबारच्या एका खटल्यात म्हटलं, की कायद्याने काढून घेतलेली नसेल तर भूगर्भातली खनिजं जमीनमालकाचीच. निकाल वाचून बाबांनी मला मेसेज केला होता : "उशीर.")

अमेरिकेत 'खाली' ही खाजगी मालमत्ता आहे. ती विकता येते, मुलीला देता येते, अर्धी ठेवून अर्धी विकता येते. जगात हे फार दुर्मिळ आहे आणि त्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. जमीन ज्याची, त्याचीच ती वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत, असं जुनं लॅटिन सूत्र तिथले वकील वापरत. १५६८ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा नॉर्थम्बरलँडच्या उमरावाशी तांब्याच्या खाणीवरून खटला झाला. सोनं-चांदी राजाची आणि ज्या खाणीत ती मिसळलेली असेल ती खाणही राजाची, असं न्यायाधीशांनी ठरवलं. बाकी सगळं जमीनमालकाकडे राहिलं. १६८१ मध्ये विल्यम पेनला ज्या सनदेने हा अख्खा प्रांत मिळाला तिच्यातही हेच आहे : दरवर्षी बीव्हरची दोन कातडी आणि जे सोनं-चांदी सापडेल त्याचा पाचवा हिस्सा राजाला द्यायचा. कोळशाबद्दल, तेलाबद्दल एक अक्षर नाही. १६८१ मध्ये कोणाला त्याची पडली होती?

गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनने हे सूत्र पुढे सोडून दिलं. १९३४ च्या कायद्याने तिथलं पेट्रोलियम राजसत्तेकडे गेलं, १९३८ च्या कायद्याने कोळसाही. अमेरिकेने आजोबांच्या ट्रंकेतल्या कोटासारखं ते जपून ठेवलंय.

तर, तुकडे करता येतात म्हटल्यावर लोकांनी तुकडे केले. पेनसिल्व्हेनियात तर ते तिहेरी झाले. एक, पृष्ठभाग. दोन, खनिज. तिसरा तुकडा मला वकिलाने दोनदा समजावून सांगितला तेव्हा कळला. तो म्हणजे आधाराचा हक्क. वरची जमीन खचू नये म्हणून खालच्याने तिला धरून ठेवावं, हा वरच्या मालकाचा स्वाभाविक हक्क असतो. पण इथे तोही विकता येतो. म्हणजे माझं घर माझं, घराखालचा कोळसा कंपनीचा आणि घर उभं राहण्याचा हक्कसुद्धा कंपनीचा.

हे कोडं वाटत असेल तर पिट्सटनची गोष्ट ऐका. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडे, अँथ्रासाइट कोळशाच्या भागात हे गाव आहे. १८७८ मध्ये पेनसिल्व्हेनिया कोल कंपनीने तिथली जमीन विकली, फक्त वरची. खरेदीखतात स्पष्ट लिहिलं होतं की सगळा कोळसा काढण्याचा हक्क कंपनीचा, धोका घेणाऱ्याचा, आणि नुकसानभरपाईचा दावा तो सोडून देतो आहे. पुढे त्या जमिनीवर मॅहन कुटुंबाचं घर होतं. १९२१ मध्ये कंपनीची नोटीस आली : आम्ही तुमच्याखाली खणत येतोय. त्याच वर्षी राज्याने कोहलर कायदा केला होता, की राहत्या घराखाली ते खचेल अशा रीतीने खणायचं नाही. मॅहन कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेही.

डिसेंबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. लिहिणारे न्यायमूर्ती होते ऑलिव्हर वेंडेल होम्स, आणि हा निकाल आजही तिथल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नियमन एका मर्यादेपलीकडे गेलं तर ते नियमन राहत नाही, ते मालमत्ता हिरावून घेणं होतं आणि त्याची भरपाई द्यावी लागते. कंपनीने आधाराचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता, आता तो फुकटात काढून घेता येणार नाही. एकट्या ब्रँडाइस यांनी वेगळं मत नोंदवलं. लोकांच्या सुरक्षेसाठी घातलेली बंदी म्हणजे लूट नव्हे, असं त्यांचं मत. ते मी तीनदा वाचलं. माझं मत ब्रँडाइसच्या बाजूने आहे, पण होम्सच्या निकालातली एक टोचणी मला चुकवता आली नाही : तुम्ही स्वस्तात घेतलंत ना, ते याचमुळे स्वस्त होतं.

आमच्या घराची किंमत आवाक्यात होती, हे वर लिहिलंच आहे.

पुढचे काही शनिवार मी काउंटीच्या दस्त नोंदणीच्या कार्यालयात घालवले. जुन्या नोंदवह्या स्कॅन केलेल्या आहेत, पण सूची अजूनही विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने. आजच्या मालकापासून सुरुवात करायची, त्याने कोणाकडून घेतलं ते पाहायचं, मग त्याने कोणाकडून, असं मागे मागे जायचं. घराचं टायटल तपासणारे सहसा साठ वर्षं मागे जातात. खनिजांसाठी ते पुरत नाही, १८५० च्या आसपास पोचावं लागतं. आणि टायटलचा विमा घेतलात म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात खनिज हक्क बहुधा वगळलेले असतात. आमच्या पॉलिसीत तसं छापलेलंच होतं.

आमच्या चार एकरांची वंशावळ अशी निघाली. ते पूर्वी एका मोठ्या शेताचा भाग होते. १९०६ मध्ये त्या शेतकऱ्याने खालचा पिट्सबर्ग थर, म्हणजे कोळशाचा प्रसिद्ध जाड थर, विकला. नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचं वाक्य त्यातही होतं. १९५३ मध्ये शेताची तेव्हाची मालकीण, एक विधवा बाई, जमीन विकताना तेल आणि वायूचा अर्धा हिस्सा स्वतःकडे आणि वारसांकडे राखते. म्हणजे आमचा विकणारा जे 'सगळे हक्क' राखून ठेवत होता ते खरं तर निम्मेच होते. उरलेला निम्मा त्या बाईंच्या सात वारसांकडे, आणि त्यातले दोघे कुठे आहेत याचा पत्ता नाही.

वह्या चाळताना सारखा वाटायचा तो प्रश्न हा की कोळसा विकला म्हणजे वायूही विकला का? 'खनिज' या शब्दात काय काय येतं? या एका शब्दावर पेनसिल्व्हेनियात दीडशे वर्षं भांडणं चालली आहेत.

पहिलं पाणी इथेच लागलं, म्हणजे तेल. २७ ऑगस्ट १८५९ ला टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. त्यानंतर प्रत्येक जुन्या खरेदीखताकडे लोक नव्या डोळ्यांनी पाहू लागले. एका खतात विकणाऱ्याने कापण्याजोगं इमारती लाकूड आणि 'सर्व खनिजं' राखली होती. घेणाऱ्याने तेल काढलं. विकणारा म्हणाला, तेल खनिज आहे, माझं आहे. १८८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डनहॅम विरुद्ध कर्कपॅट्रिक या खटल्यात सांगितलं : शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस 'खनिज' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर धातूसारखं काहीतरी असतं. तेल हवं होतं तर तसं लिहायचं होतंत.

एकशे तीस वर्षांनी हा नियम पुन्हा कोर्टात आला, कारण खाली आणखी काहीतरी सापडलं होतं. मार्सेलस शेल. साधारण एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा काळा चिखल, आता दगड झालेला, जागोजागी जमिनीखाली मैलभर किंवा जास्त खोल. त्यात वायू आहे हे जुनंच ज्ञान, पण दगड इतका घट्ट की वायू बाहेर येत नसे. २००४ मध्ये आमच्याच काउंटीतल्या माउंट प्लेझंट टाउनशिपमध्ये रेंज रिसोर्सेस कंपनीने एका विहिरीत जोराने पाणी घुसवून तो दगड तडकवला आणि वायू आला. पुढे आडव्या विहिरी आल्या : आधी सरळ खाली जायचं, मग वळून दगडाच्या थरातून मैलभर आडवं. चार वर्षांत शेतकऱ्यांच्या दारात लीज घेऊन फिरणारी माणसं दिसू लागली. इथे त्यांना लँडमन म्हणतात. एकराला काही डॉलरपासून सुरू झालेले सह्यांचे भाव काही हजारांपर्यंत गेले. घाईने सही केलेला आणि थांबलेला, या दोन शेजाऱ्यांमध्ये आजही नीट बोलणं नाही, अशी घरं मला माहीत आहेत.

मग सस्क्वेहाना काउंटीतल्या २४४ एकरांचा खटला आला, बटलर विरुद्ध पॉवर्स इस्टेट. १८८१ च्या खतात 'खनिजं आणि पेट्रोलियम तेलं' यांचा निम्मा हिस्सा राखलेला होता. वारस म्हणाले, शेल हा दगड आहे, दगड खनिज आहे, आतला वायू दगडाबरोबरच आला. मधल्या कोर्टाने २०११ मध्ये म्हटलं, शास्त्रज्ञांना बोलवून तपासा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं : नियम १८८२ चाच. खतात 'वायू' हा शब्द नाही, तर वायू राखलेला नाही. एका न लिहिलेल्या शब्दाची किंमत मोजा.

याला एक अपवाद आहे आणि तो आमच्या शेजारच्या ग्रीन काउंटीतला. कोळशाच्या थरात अडकलेला मिथेन कोणाचा? १९८३ च्या यू. एस. स्टील विरुद्ध होग खटल्यात, १९२० च्या कोळसा-खताबद्दल, कोर्ट म्हणालं : कोळशात आहे तोवर कोळशाच्या मालकाचा. म्हणजे आमच्या अंगणाखाली उतरत गेलात तर पहिल्या वायूचा मालक एक आणि खालच्या वायूचे मालक आठ. आणि कोळशाचा मालक मधे आडवा पडला तर खाली जायचं कसं? हे भांडणही जुनंच. आमच्या जवळच्या शार्टियर्स कोळसा कंपनीच्या खटल्यात १८९३ मध्येच ठरलं की खालच्या तेल-वायूकडे जायला कोळशातून वाट द्यावी लागेल.

आणि वायू कुंपण ओळखत नाही. १८८९ मध्ये कोर्टाने तेल-वायूला चक्क रानटी जनावरांची उपमा दिली : ज्याच्या आवारात सापडलं आणि ज्याने धरलं, त्याचं. शेजाऱ्याने विहीर खणून तुमच्या खालचा वायू ओढला तर तक्रार नाही, तुम्हीही खणा. २०२० च्या जानेवारीत ब्रिग्ज खटल्यात प्रश्न आला की दगड तडकवून ओढला तरी हेच का? कोर्ट म्हणालं, निव्वळ दगड तडकवला म्हणून नियम बदलत नाही. पण तडकवण्यासाठी घुसवलेलं पाणी आणि वाळू प्रत्यक्ष शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली, तर तो प्रश्न वेगळा.

मला सगळ्यात जास्त वेड लावलं ते सेंटर काउंटीतल्या एका शिकारी क्लबच्या खटल्याने. १८९९ मध्ये एका जोडप्याने रान विकलं आणि खालचं स्वतःकडे ठेवलं. ठेवलं, पण काउंटीत तशी नोंद केली नाही. वरच्या मालकाने कर थकवला. १९३५ मध्ये काउंटीने करापोटी रान जप्त केलं, १९४१ मध्ये विकलं, १९५९ मध्ये ते क्लबने घेतलं. मार्सेलस आल्यावर त्या जोडप्याचे वारस उभे राहिले. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : नोंदच नव्हती, तेव्हा कराच्या लिलावात वरचं आणि खालचं दोन्ही गेलं. इथले वकील याला टायटल धुऊन निघणं म्हणतात. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ हसले. फेरफार वेळेवर नोंदवा म्हणून त्यांनी गावात किती जणांना ओरडलंय त्याचा हिशेब नाही.

तोवर आमचा निर्णय लोंबकळतच होता. नवऱ्याचं म्हणणं, वायूचे पैसे नाहीत मिळाले तर नाहीत. मी हिशेब करून दाखवला. समजा ६४० एकरांचं एक युनिट, त्यात आपले चार. राज्याच्या १९७९ च्या कायद्याने रॉयल्टी किमान आठवा हिस्सा. वायू एक कोटी डॉलरचा निघाला तर चार एकरांच्या पूर्ण हक्काला ७,८१२ डॉलर, निम्म्याला ३,९०६. त्यातूनही वायू शुद्ध करण्याचा, वाहून नेण्याचा खर्च कंपनी कापू शकते, २०१० मध्ये कोर्टाने त्याला मान्यता दिली आहे. तेव्हा पैशासाठी रडायचं कारण नव्हतं.

भीती वेगळीच होती. खालच्या मालकाला खाली पोचण्यापुरता वरचा वाजवी वापर करण्याचा हक्क असतो. वाजवी म्हणजे काय? रस्ता, टाक्या, ट्रक? कायद्याने अशी विहीर घरापासून किमान ५०० फुटांवर हवी. चार एकरांत ५०० फूट सापडणं कठीण, हे आमच्या पथ्यावर पडलं. पिण्याचं पाणी आमच्या बोअरचं. २०१२ च्या कायद्याप्रमाणे विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत वर्षभरात पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा असं गृहीत धरतात. पण आधीचं पाणी कसं होतं याचा कागद तुमच्याकडे असलेला बरा. आम्ही प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतलं. घरमालकांना हा एक सल्ला मी न विचारता देते.

वकिलाने तिसरीच गोष्ट विचारली, "जुनं लीज जिवंत आहे का?" लीज मुदतीचं असतं, पण विहिरीतून परवडेल इतका वायू निघतोय तोवर ते पुढे चालतं. पलीकडच्या शेतात गंजलेली एक उथळ विहीर आहे, तिच्या जिवावर शंभर वर्षांपूर्वीचं लीज शेलपर्यंत टिकू शकतं. २०१२ मध्ये १९२८ च्या एका लीजबद्दल कोर्टाने हेच ठरवलं. १९५९ मध्ये विहिरी तोट्यात होत्या, तरी कंपनीने प्रामाणिक समजुतीने चालवल्या ना, मग लीज जिवंत. सुदैवाने ती गंजकी विहीर आमच्या लीजमधली निघाली नाही.

शेवटी आम्ही विकणाऱ्याला एकच मागितलं : हक्क ठेव, पण आमच्या चार एकरांवर पाऊल ठेवणार नाही असं लिहून दे. यंत्र दुसऱ्याच्या शेतात, वाट खालून. तो एका दिवसात तयार झाला. विधवा बाईंच्या सात वारसांना मात्र हे वाक्य बांधत नाही. ते तसंच राहिलं.

सहीच्या दिवशी खरेदीखतात मोठ्या अक्षरांत छापलेली सूचना होती. राज्याच्या कायद्यानेच ती सक्तीची आहे. या कागदाने कोळसा आणि आधाराचा हक्क मिळत नाही, कोळशाचा मालक तो सगळा काढू शकतो, त्यात घराचं नुकसान होऊ शकतं. खाली वेगळी सही, की आम्हाला हे ठाऊक आहे. केली. त्याच संध्याकाळी राज्य सरकारचा खाण-खचाईचा विमाही काढला. तो इथे १९६१ पासून मिळतो आणि आमच्या गाडीच्या विम्यापेक्षा स्वस्त आहे.

रात्री बाबांना १९०६ च्या खताचा फोटो पाठवला. मूळ कागद नव्हे, नोंदवहीतली कारकुनाच्या तिरक्या अक्षरातली नक्कल. त्यांनी बोटांनी मोठा करून शेवटपर्यंत वाचला, मग फोन केला.

"त्या शेतकऱ्याची सही आहे की अंगठा?"

मी पुन्हा पाहिलं. फुली होती. तिच्या आजूबाजूला कारकुनाने लिहिलं होतं : त्याची खूण.

"आपल्या आबांचा अंगठा होता," बाबा म्हणाले. मग विचारलं, घरात दूध उतू घालायला शेगडी गॅसची आहे की विजेची.